'व' अखेरचे मुलाचे नाव हवे : मोठा अर्णव, धाकट्यासाठी काय ठेवावे?

अर्णवची_आई

नमस्कार मंडळी. धाकट्याचे बारसे पुढच्या आठवड्यात आहे आणि नावावर अजून एकमत होत नाही. मोठ्याचे नाव अर्णव. दोघा भावांची नावे एकाच अक्षराने संपावीत असे घरात सगळ्यांना वाटते, म्हणून 'व' अखेरचे नाव शोधत आहोत. आत्तापर्यंतची यादी अशी : आरव, प्रणव, पार्थिव, अथर्व, राघव, आर्जव, वासव, केशव.

बाळाचा जन्म श्रावणातला, नक्षत्र रोहिणी, दुसरा चरण. गुरुजींनी 'वा' अक्षर सांगितले आहे. आईचे नाव मंजिरी, वडिलांचे निखिल. दीर-जाऊ जर्मनीत असतात आणि माझे माहेर बंगळुरूला, तेव्हा दोन्हीकडे नावाची फार मोडतोड होऊ नये. अर्थ चांगला हवा, हाक मारायला सोपे हवे, कागदपत्रांत त्रास नको. यादीतले कोणते ठेवावे, कोणते खोडावे आणि यादीबाहेरचे काही सुचते का?

---

धातुपाठ

ताई, तीन नावे आधीच खोडा.

पार्थिव : संस्कृतात पृथ्वीचा तो पार्थिव, म्हणून राजा असाही अर्थ होतो. गुजरातीत हे नाव सर्रास ठेवतात. पण मराठी माणसाच्या कानाला 'पार्थिव' म्हणजे अंत्यदर्शनासाठी ठेवलेला देह. तो अर्थ इतका रुळला आहे की शब्दकोश दाखवून कोणाची समजूत निघत नाही.

आर्जव : मूळ अर्थ ऋजुता, सरळपणा. उत्तम अर्थ आहे, पण मराठीत आर्जवे करतात ती गयावया करताना.

आरव : नावांच्या संकेतस्थळांवर याचा अर्थ 'शांत' असा बेधडक दिलेला असतो. प्रत्यक्षात रु या धातूचा अर्थ आवाज करणे. त्यावरून रव आणि आरव, म्हणजे नाद, गलका. शांत तो नीरव, कारण त्यात रव नाही. नाद हा अर्थ आवडत असेल तर आरव जरूर ठेवा, पण शांत म्हणून ठेवू नका.

आता 'व' अखेरची नावे बनतात कशी ते सांगतो. ते कळले की यादी स्वतःच वाढवता येते आणि चुकीचे नावही लगेच ओळखू येते.

सगळ्यांत मोठे घराणे उकारान्त शब्दांपासून निघालेले. रघूच्या वंशातला राघव, मधूचा माधव, भृगूचा भार्गव, यदूचा यादव, मनूचा मानव, विष्णूचा वैष्णव, शंभूचा शांभव. अपत्य, वंशज किंवा 'त्याचे' या अर्थी अण् प्रत्यय लागला की पाणिनीच्या 'ओर्गुणः' या सूत्राने शेवटच्या उ चा ओ होतो, पुढे अ आला की त्या ओ चा अव्. त्याच वेळी 'तद्धितेष्वचामादेः' या सूत्राने शब्दातल्या पहिल्या स्वराची वृद्धी होते : र चा रा, भृ चा भार्, वि चा वै. गुरु-गौरव, लघु-लाघव, शिशु-शैशव, बंधु-बांधव हे सगळे त्याच साच्यातून आलेले. दनूचा दानव, कुरूचा कौरव आणि रुरूपासूनचा रौरव हा नरकही तिथलाच, म्हणून नुसते कानाला गोड लागले म्हणून निवडू नये. सिंधूपासून सैंधव होतो खरा, पण घरात तो मिठाच्या बरणीत सापडतो.

दुसरे घराणे धातूंपासून सरळ झालेल्या नामांचे : भू पासून भव, संभव, उद्भव, नु पासून प्रणव, म्हणजे ॐकार. यातलेच विप्लव आणि आसव मात्र टाळा. पहिल्याचा अर्थ बंड-उलथापालथ, दुसऱ्याचा मद्य. द्राक्षासवातला तोच हा आसव.

तिसरे घराणे लहान आहे आणि तुमच्या कामाचे नेमके तेच. इथे 'व' हा प्रत्यय 'ते ज्याच्याकडे आहे तो' असे सांगतो. अर्णस् म्हणजे पाणी, त्यातला स् लोपून व लागला की अर्णव, पाण्याने भरलेला, समुद्र. केश म्हणजे केस, त्याला व लागून केशव, सुंदर केसांचा. राजी म्हणजे रेघ, ओळ. त्यावरून राजीव, कमळ. केशवासाठी पाणिनीने 'केशाद्वोऽन्यतरस्याम्' हे स्वतंत्र सूत्रच दिले आहे आणि अर्णव, राजीव त्याच सूत्राच्या वार्तिकांत, म्हणजे पुरवणी नियमांत येतात. म्हणजे नुसते शेवटचे अक्षर जुळणे बाजूला ठेवले तरी अर्णव आणि केशव ही घडणीनेच भावंडे आहेत. माझे मत केशवला.

यादीबाहेरची हवी असतील तर कैरव (चांदण्यात उमलणारे पांढरे कमळ), उद्धव (कृष्णाचा सखा), अभिनव, ध्रुव. वासव तुमच्या यादीत आहेच, अर्थ इंद्र.

---

ओसरी

अर्थाचे वर आलेच आहे, मी हाकेचे सांगते. नाव कागदावर दिवसातून एकदा लिहिले जाते आणि तोंडाने शंभरदा घेतले जाते.

प्रणव ठेवू नका. नाव सुंदर आहे, पण अर्णवच्या जोडीला नको. आतल्या खोलीतून हाक मारली की नावाचा पुढचा भाग विरतो आणि ऐकू येतो तो शेवट. 'र्णव' आणि 'रणव' भिंतीपलीकडून एकच. दोघेही ओ देतील किंवा दोघेही देणार नाहीत. भावंडांची नावे जुळवताना शेवटचे व्यंजन जुळवावे, पण त्याच्या अलीकडचे सगळे जुळवू नये. 'व' च्या आधी वेगळा स्वर असेल तर फारच चांगले : राजीवमध्ये ई, वासुदेवमध्ये ए, ध्रुवमध्ये उ. केशवमध्ये अर्णवसारखाच 'अव' आहे, पण सुरुवातीचा 'के' ठसठशीत आणि मधला श ण पासून लांबचा, त्यामुळे गोंधळ होणार नाही.

आद्याक्षरही बघा. अथर्व किंवा आरव ठेवले तर दोन्ही भावांची इंग्रजी आद्याक्षरे ए, एन आणि आडनावाचे एकच अक्षर. कुरिअर, बँकेचे पाकीट, शाळेचा तक्ता, सगळीकडे दोघे एकच दिसतात.

मराठीत नावाला ला, ने, चा, शी दिवसभर चिकटत असतात, तेव्हा शेवटचे अक्षर त्यांच्याशी कसे वागते हे नाव ठेवण्याआधी मोठ्याने म्हणून पाहावे. ल अखेरच्या नावांना ला अडखळवतो : निखिलला, राहुलला. न अखेरच्यांना ने : रोहनने, चेतनने, सचिनने. घाईत एक न गळतो आणि 'रोहने सांगितलं' असे कानावर पडते. व ला यातला कोणताच त्रास नाही. केशवला, केशवने, केशवचा, केशवशी, सगळे सरळ निघते. या बाबतीत तुम्ही निवडलेले अक्षर फार सोयीचे आहे.

एक गोष्ट मात्र होतेच. बोलताना शेवटचा 'अव' सैल पडतो आणि ओ कडे झुकतो. माधवचा माधो, राघवचा राघो, केशवचा केसो हे जुन्या पत्रांत आणि नावांत दिसते ते त्यामुळेच. आजही भरभर बोलताना 'राघौ' असे ऐकू येते. ते बिघडणे नव्हे, मराठी जिभेचे वळणच तसे आहे. अर्णवला आत्ता हाक मारून बघा, 'अर्णौ' सापडेल.

लाडाचे नाव कोणाला विचारून पडत नाही. शाळेत गेला की केशवचा केश्या, राघवचा राघ्या, वासवचा वास्या होणारच. वासव मला त्या एका कारणाने खटकते. 'वास' हा भाग सुटा ऐकू येतो आणि पोरे त्यावर कोटी करणार. घरात केशू, वासू रुळवलेत तर बाहेरचे 'केश्या', 'वास्या' लवकर चिकटत नाही.

---

पंचांगकट्टा

श्रावणात चंद्र रोहिणीत येतो तो वद्य अष्टमीच्या आसपास, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमारास बाळाचा जन्म आहे. त्यामुळे एक सुंदर योग जुळतो, तो पाहा.

आपल्याकडे नामकरणात एकच नाव ठेवत नाहीत. ताम्हणात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने जी नावे लिहितात त्यांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार येतात. मासनामे ठरलेली आहेत. मार्गशीर्षापासून मोजत गेले तर कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश, पुंडरीकाक्ष. यात श्रावणाचे मासनाम वासुदेव. रोहिणीची चार अक्षरे ओ, वा, वी, वू आणि दुसऱ्या चरणाचे 'वा'. म्हणजे मासनाम आणि नाक्षत्रनाम दोन्हीकडे वासुदेव बसते आणि तेही 'व' नेच संपते.

म्हणून व्यावहारिक नावाला 'वा' चे बंधन घालून घेऊ नका. वासुदेव ताम्हणात लिहा, पत्रिकेत ठेवा. रोज हाक मारायचे नाव हवे ते ठेवा. 'वा' पासून सुरू आणि 'व' वर संपणारी, अर्थाने चांगली आणि आज रुळतील अशी नावे मोजकीच निघतात. दोन्ही टोके बांधली की माणूस नाइलाजाने अर्थाशी तडजोड करतो. विचित्र नावे बहुतेक तिथूनच येतात.

शेवटच्या अक्षराबद्दल शास्त्र काय म्हणते हेही विचारले जाते, म्हणून सांगतो. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या ग्रंथात, मुलाच्या नावाचे नियम आहेत : दोन किंवा चार अक्षरे, सुरुवात घोष वर्णाने (वर्गातले तिसरे, चौथे, पाचवे अक्षर किंवा य र ल व ह), मध्ये य र ल व यांपैकी एक, शेवटी दीर्घ स्वर किंवा विसर्ग, आणि नाव कृदन्त (धातूपासून सरळ झालेले) असावे, तद्धित (नामाला प्रत्यय लागून झालेले) नसावे. मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त. आश्वलायन या दुसऱ्या गृह्यसूत्रकारांनीही मुलाच्या नावाचा शेवट विसर्गानेच सांगितला आहे. हा विसर्ग म्हणजे संस्कृतातला प्रथमेचा : रामः, देवः. मराठीत तो गळतो आणि शेवटचा अ ही उच्चारात जातो. त्यामुळे आपले कोणतेही अकारान्त पुल्लिंगी नाव शेवटाच्या कसोटीला उतरतेच. व असो, श असो, न असो, शास्त्राला त्यात फरक नाही. अमुक अक्षराने संपणारे नाव भाग्याचे, अमुक अशुभ, असे जे हल्ली फिरते त्याला या सूत्रांत कुठेही आधार नाही. शेवटी जादा 'ए' किंवा दुप्पट 'व्ही' लावून आकड्यांची बेरीज जुळवण्याचा प्रकार तर त्याहून वेगळा. त्याचा परिणाम एवढाच की मुलाला जन्मभर स्पेलिंग समजावून सांगावे लागते.

या नियमांत राघव, माधव, भार्गव बसत नाहीत. ती तद्धित आहेत आणि अक्षरे तीन. केशवही तीन अक्षरी, शिवाय क अघोष. तरी विष्णूच्या चोवीस नावांत पहिले केशव, आणि आचमनाची सुरुवात त्याच नावाने. म्हणजे परंपरेने हा नियम व्यवहारात कधी ताणून धरला नाही.

तरीही सगळ्या कसोट्यांना उतरणारे नाव हवे असेल तर बलदेव घ्या. चार अक्षरे, ब घोष, मध्ये ल, समास 'देव' वर संपणारा आणि देव हा दिव् धातूपासूनचा कृदन्त. ब आणि व यांचा अभेद धरतात, म्हणून वृषभ राशीला ब, व, उ अशी अक्षरे सांगतात. त्या हिशेबाने 'वा' ऐवजी ब चालतो. शिवाय बलरामाची आई रोहिणी. इतके नीट जुळणारे नाव सहसा सापडत नाही.

---

अर्णवची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पार्थिव, आर्जव, आरव, प्रणव खोडले. बलदेव घरात मोठ्यांना फार आवडले, पण मला ते लहान बाळाला भारदस्त वाटते. यजमानांचा ओढा अजून अथर्वकडे आहे. आद्याक्षरे सारखी येतात हे सोडले तर अथर्वमध्ये आणखी काही अडचण आहे का? आणि जर्मनी-बंगळुरूचे कोणी सांगेल का?

---

ओसरी

अथर्वची अडचण त्याच्या जोडाक्षरात आहे. केशवमधला शेवटचा अ पूर्ण जातो आणि नाव व् वर थांबते. र्व वर तसे थांबता येत नाही, म्हणून आपण शेवटी अर्धवट अ ठेवतो. आता त्याला ला लावून बघा : अथर्वला. र्, व्, ल् ओळीने आले. लहान मुले तिथे 'अथर्वाला' करून मोकळी होतात. रुद्र, आदित्य, गंधर्व यांचेही असेच. दोष म्हणता येणार नाही, पण हाकेला ते नाव जरा जड आहे. भारदस्तपणाचे म्हणाल तर बलदेवचा बल्लू व्हायला आठवडा लागत नाही.

---

सीमापार

बंगळुरूत काळजी नको. कन्नडमध्ये शेवटचा अ पूर्ण उच्चारतात, त्यामुळे केशव, माधव, राघव तिकडे शेवटच्या ऱ्हस्व अ सह म्हटले जातील, आणि ही नावे त्यांचीही आहेतच. तमिळ माणूस केशवन, माधवन, राघवन म्हणेल. बंगाली माणूस व चा ब करतो, अर्णवचा ओर्नोब त्यातूनच. हे सगळे घरचेच पाहुणे.

जर्मनीत मात्र दोन ठिकाणी बदल होतो. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी ब, ड, ग, व यांसारखे घोष व्यंजन टिकत नाही, म्हणून शेवटचा 'व्ही' फ होतो : अर्नाफ, केशाफ. तुमच्या दिरांनी हे अर्णवच्या बाबतीत ऐकले असेलच. दुसरे म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा 'व्ही' सुद्धा तिकडे बऱ्याच शब्दांत फ च वाचतात. त्यामुळे वासव आणि वासुदेव या नावांना दोन्ही टोकांनी फ येण्याची शक्यता आहे. केशवला एकाच टोकाने, आणि मोठ्या भावाला जे होते तेच धाकट्यालाही.

यावर उपाय म्हणून स्पेलिंगमध्ये शेवटी 'डब्ल्यू' लावू नका. तिकडे 'ओडब्ल्यू'ने संपणाऱ्या गावांच्या आणि आडनावांच्या नावांत तो 'डब्ल्यू' अजिबात उच्चारत नाहीत, त्यामुळे वाचणारा आणखी गोंधळेल. 'व्ही' च ठेवा. रशियन आणि बल्गेरियन नावांमुळे 'व्ही' अखेरचे पुरुषी नाव युरोपात ओळखीचे आहे. शेवटी 'ए' लावला तर मात्र बाकी युरोपात नाव मुलीचे वाटते. अथर्वची तीच कोंडी आहे. 'ए' लावला तर 'अथर्वा' वाचतात आणि नाही लावला तर 'आर व्ही' वर जीभ अडते.

---

नोंदणी_खिडकी

नाव कोणतेही ठरवा, पण ते एकदाच आणि एकाच स्पेलिंगने सगळीकडे गेले पाहिजे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. रुग्णालयात जन्म झाला असेल तर ते रुग्णालयच कळवते. त्या नोंदीत बाळाचे नाव नसले तरी चालते. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क टाकता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून बारशाच्या गडबडीत रकाना भरू नका. नाव ठरले, घरात महिनाभर रुळले, की मग भरा. एकदा चढलेले नाव बदलणे हे मोकळ्या जागी नाव भरण्यापेक्षा कितीतरी किचकट असते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखल्याचे वजन वाढले आहे. शाळाप्रवेश, पारपत्र, आधार या सगळ्यांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून तोच धरला जातो. दाखल्यावरची मात्रा किंवा अक्षर चुकले तर ती चूक पुढे प्रत्येक कागदावर जाते.

चुका होतात त्या बहुतेक मराठी रकान्यात. इंग्रजीवरून टंकताना यंत्र ण ऐवजी न आणि श ऐवजी स देते : अर्नव, केसव. मसुदा दाखवतात तेव्हा इंग्रजी सगळे तपासतात, मराठी ओळ कोणी वाचत नाही. ती अक्षर अक्षर वाचा. अथर्व ठेवणार असाल तर इंग्रजीत शेवटी 'ए' आहे की नाही हे अर्जावरच ठळक लिहा. एका कागदावर 'ए' आणि दुसऱ्यावर नाही, या कारणाने परत पाठवलेले अर्ज नेहमीचे.

आणखी एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचे नाव शाळेचे दाखले, परीक्षेची प्रमाणपत्रे, महसुली कागद यांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. म्हणजे बाळाच्या नावाचे शेवटचे अक्षर आता वडिलांच्या नव्हे, आईच्या नावाच्या पहिल्या अक्षराला भिडते. तुमचे 'केशव मंजिरी निखिल' स्वच्छ वाचले जाते, व नंतर म आल्याने तोड नीट पडते. आईचे नाव व पासून असते तर अडले असते : 'राजीव वर्षा' भराभर म्हणा, 'राजीवर्षा' होते. अर्णवचा जन्म त्या तारखेआधीचा असेल तर त्याच्या कागदांवर मंजिरी नसेल आणि धाकट्याच्या असेल. दोघा भावांची पूर्ण नावे वेगळ्या धाटणीची दिसतील. ते नियमानुसार आहे, कोणी शंका काढली तर जन्मतारीख दाखवा.

---

अर्णवची_आई

केशव. यजमानांनीही मान्य केले, 'अथर्वला' पाच वेळा म्हणून बघितल्यावर. ताम्हणात वासुदेव, हाकेला केशव. आता एकच शंका : घरात देवतानाम म्हणून कुलदैवताचे नाव लिहायचे की बाळाच्या नावाला जुळेल असे विष्णूचे? आमचे कुलदैवत खंडोबा.

---

पंचांगकट्टा

कुलदैवताचेच. व्यावहारिक नावाशी ते जुळण्याची गरज नाही. 'कुलदेवतेचा भक्त' अशा अर्थाने ते लिहितात. मल्हारी किंवा मार्तंड, घरात चालत आले असेल ते घ्या आणि गुरुजींना आधी सांगून ठेवा. लिहिण्याचा क्रम देवता, मास, नक्षत्र, मग व्यावहारिक. केशव सगळ्यांत शेवटी लिहायचे आणि बाळाच्या उजव्या कानात सांगायचे.